सांगितलेला समुद्र

सोफी कॅल या फ्रेंच कलावतीने १९८६ साली जन्मांध माणसांना भेटून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली : तुमच्या मनात सौंदर्याची प्रतिमा कोणती आहे? प्रश्न निष्ठुर वाटावा असाच आहे. तिलाही तो विचारण्याचा धीर होत नव्हता. रस्त्यात भेटलेल्या काही अंध माणसांपैकी एक जण, काल आपण एक सुंदर सिनेमा पाहिल्याचे दुसऱ्याला सांगत होता. ते तिच्या कानावर पडले आणि तिथून ही कल्पना मनात शिरली, असे तिने पुढे सांगितले आहे. अखेर तिने एकाला विचारले. उत्तर आले : समुद्र. नजर पोचेनाशी होईपर्यंत दूर पसरत गेलेला समुद्र.

या कामातून जी मालिका उभी राहिली तिचे नाव सरळच ‘आंधळे’ असे आहे. प्रत्येक माणसासाठी तिची मांडणी ठरलेली. त्याच्या चेहऱ्याचे एक कृष्णधवल छायाचित्र, चौकटीत बसवलेले त्याचे छापील उत्तर, आणि उत्तरात आलेल्या वस्तूचे रंगीत छायाचित्र. कॅल स्वतः काही भाष्य करत नाही. भिंतीपुढे उभे राहणाऱ्याने तिन्हींचा मेळ घालायचा.

समुद्राच्या उत्तरावर पहिला विचार येतो तो असा, की हे उसने आहे. ज्याने काहीच पाहिले नाही त्याला नजर पोचणे आणि न पोचणे हे कुठून कळणार? कुणीतरी किनाऱ्यावर उभे राहून त्याला सांगितले असणार, त्याने ते जपून ठेवले असणार. हे खरे आहे. पण मग आपला समुद्र कुठून आला, हेही विचारायला हवे. विदर्भात किंवा मराठवाड्यात वाढलेल्या कितीतरी माणसांना, अगदी उत्तम दृष्टी असलेल्या माणसांना, समुद्र आधी पाठ्यपुस्तकातून, गाण्यांतून आणि कोकणात जाऊन आलेल्या मामाच्या तोंडून भेटतो. प्रत्यक्ष किनाऱ्यावर जाईपर्यंत तो सुंदर आहे हे ठरूनच गेलेले असते. कॅलने पुढे, २०११ साली, इस्तंबूलमध्ये याच गोष्टीचा माग काढला. समुद्राने वेढलेल्या त्या शहरात राहूनही ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशा डोळस माणसांना तिने किनाऱ्यावर नेले, पाण्याकडे तोंड करून उभे केले आणि त्यांचे चित्रण पाठीमागून केले. नंतर ती माणसे वळून कॅमेऱ्याकडे पाहतात. त्यांच्यासाठीही तोवर समुद्र ही ऐकीव गोष्टच होती.

‘आंधळे’मधल्या आणखी एका माणसाकडे घरात एक चित्र होते. उठावाचे, हाताला लागणारे, जहाजाचे चित्र. डोलकाठ्या बोटांनी चाचपता येत. तो ते वरचेवर हाताळी. समुद्राबद्दल त्याला लोकांनी बरेच सांगितले होते : निळा असतो, हिरवा असतो, त्यावर ऊन पडले की डोळ्यांना त्रास होतो. यावरून त्याने आपला निष्कर्ष काढला होता, की समुद्राकडे पाहणे क्लेशाचे असणार. हे उत्तर वाचून मी बराच वेळ थांबतो. चकाकणारे पाणी आपल्याला सुंदर वाटते, आणि ते पाहताना डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आपण त्यातले पहिलेच सांगत आलो. दुसऱ्या अर्ध्याकडे त्याने लक्ष दिले, कारण त्याला दोन्ही अर्धी सारखीच शब्दांतून मिळाली होती.

पण या मालिकेतले सगळ्यात महत्त्वाचे उत्तर, माझ्या मते, एका लहान मुलाचे आहे. त्याच्या मते मेंढी सुंदर. का, तर ती हलत नाही आणि तिच्या अंगावर लोकर असते. आईही सुंदर, कारण ती उंच आहे आणि तिचे केस खूप लांब, पार कमरेखाली येतात. आणि हो, अॅलँ दलाँही.

दलाँ हा त्या काळातला फ्रेंच सिनेमाचा देखणा नट. मुलाने त्याला कधी पाहिलेले नाही. आता त्या उत्तराची रचना पाहा. मेंढीला कारण आहे. आईला कारण आहे. दलाँला कारण नाही. तो नुसताच ‘ही’ लावून आलेला आहे. ज्या दोन गोष्टी मुलाने हातांनी आणि सहवासाने ओळखल्या, त्यांच्यामागे त्याने आपली कारणे उभी केली. जी गोष्ट डोळस जगाकडून जशीच्या तशी आली, तिच्यामागे काहीच नाही. आणि ही उणीव मुलाची म्हणता येणार नाही. दलाँ सुंदर आहे असे म्हणणाऱ्या कुणीही त्याला ‘का’ ते सांगितले नसावे. डोळसांना सांगावे लागत नाही. आपण बोट दाखवतो, समोरचा पाहतो, मान हलवतो, आणि काम भागते.

मला या लेखात एवढीच गोष्ट उलगडायची आहे. अंध माणसाला सौंदर्याविषयी विचारले, की ‘का’ हा शब्द बाहेर येतो. दृष्टीमुळे आपण तो वगळायला शिकलो आहोत. या विषयावरची जी कला त्या ‘का’ला जागा देते ती खोल जाते, आणि जी देत नाही ती बघ्यांची कला होऊन बसते.

कॅलच्या मालिकेत हिरव्या रंगाविषयीही एक उत्तर आहे. हिरवा सुंदर, कारण मला जे जे आवडते ते हिरवे असल्याचे लोक सांगतात : गवत, पाने, झाडे. त्या माणसाला म्हणून हिरवे कपडे घालायला आवडतात. इथे कारण उलट्या दिशेने चालते. आपण रंग पाहतो आणि मग वस्तू आवडते असे समजतो. त्याला आधी वस्तू आवडते. पायाखालचे गवत, पानांची सळसळ. आणि रंगाचे नाव मागून येऊन तिला चिकटते. हा रंग त्याला ठाऊक नाही, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मरीना बेड्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मांध माणसांच्या रंगज्ञानाचा अभ्यास केला, तेव्हा अमुक वस्तूचा रंग कोणता यावर अंध आणि डोळस यांच्यात काही वेळा मतभेद दिसले. पण फळांना, पानांना ठरावीक रंग का असतो आणि गाडीला किंवा कपाला कोणताही का चालतो, याची समज दोघांची जवळजवळ सारखी निघाली. पुन्हा ‘का’च.

आणि जे कुणीच पाहिलेले नाही, त्याचे काय? मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. अमरावतीकडचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले आणि वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. मधुराद्वैताचा त्यांचा सगळा विचार कृष्णाच्या ओढीवर उभा आहे. १९१५ साली, पस्तिशीही गाठण्याआधी ते गेले. त्यांनी कृष्णाचा सावळा रंग पाहिला नव्हता, हे खरे. पण उत्तम दृष्टी असलेल्या कोणत्या संताने तो पाहिला होता? परंपरेने सांगितलेले सावळेपण प्रत्येकाने ऐकले, प्रेमाने आपल्या आत उभे केले, आणि पुढच्याला सांगितले. या एका ठिकाणी अंध आणि डोळस कवी अगदी एकाच जमिनीवर उभे असतात. आपल्या काव्यातले कितीतरी सौंदर्य याच जमिनीवर उगवलेले आहे, आणि त्याला आपण कधी उसने म्हटलेले नाही.

प्रेम आणि रूप यांचा हा संबंध किती खोल असतो, याचा एक जुना पुरावा वैद्यकाच्या इतिहासात आहे. १७२८ साली विल्यम चेझल्डन या इंग्रज शल्यचिकित्सकाने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे मोतीबिंदू दूर केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलगा जन्मापासून, किंवा आठवत नाही इतक्या लहानपणापासून, अंध होता. दिसू लागल्यावर त्याची एक निराशा झाली, ती चेझल्डनने नोंदवून ठेवली आहे. ज्या माणसांवर आपले सर्वांत जास्त प्रेम आहे तीच सर्वांत सुंदर दिसतील, अशी त्याची खात्री होती. तसे झाले नाही. त्या मुलाच्या हिशेबात रूप हे प्रेमाचे पुढचे पाऊल होते. डोळ्यांनी तो हिशेब मोडला. सौंदर्यशास्त्रावरची जाडजूड पुस्तके एका बाजूला ठेवून ही नोंद वाचावी असे मला वाटते. त्याच्या मनात जे होते ते अज्ञान होते असे मी म्हणणार नाही.

त्याच वृत्तांतात आणखी एक प्रसंग आहे. चित्रे म्हणजे नुसते रंगीत सपाट तुकडे असे मुलाला काही आठवडे वाटत होते. चित्रात भरीव वस्तू दाखवलेल्या असतात हे एकदम उमगले, तेव्हा त्याने हात लावून पाहिला, आणि हाताला सगळे सपाटच लागले. तेव्हा त्याने विचारले, की यातले खोटे बोलणारे कोण, डोळे की हात?

डोळे आणि हात यांचे हे भांडण अठराव्या शतकातल्या युरोपला फार आवडले. फ्रेंच विचारवंत दिदरोने १७४९ साली अंधांविषयी एक पत्ररूप ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी त्याला व्हॅंसेनच्या तुरुंगात जावे लागले, त्यात या ग्रंथाचाही वाटा होता. ग्रंथात प्युइझो गावच्या एका जन्मांध माणसाची भेट आहे. दिदरोचे म्हणणे असे, की हा माणूस एखादी गोष्ट सुंदर म्हणतो तेव्हा तो स्वतः निवाडा करत नसतो, डोळसांचा निवाडा पुन्हा बोलून दाखवत असतो. आणि उपयोगापासून वेगळे काढले तर सौंदर्य हा अंधासाठी नुसता शब्द उरतो. पहिल्या भागात तथ्य आहे, ते दलाँमध्ये आपण पाहिले. दुसरा भाग मला पटत नाही. मेंढीचे हलत नसणे आणि तिची लोकर यात त्या मुलाला कसला उपयोग होता? कॅलला भेटलेल्या एकाने पॅरिसच्या रोदँ संग्रहालयातल्या एका नग्न स्त्रीच्या पुतळ्याचा उल्लेख केला होता. ते शिल्प त्याने हातांनी अनुभवले होते आणि त्याचे वर्णन तो उघड उघड देहसुखाच्या भाषेत करतो. त्यातही उपयोग शोधून सापडणार नाही. दिदरोला स्पर्श म्हणजे कामाचा, मोजमापाचा हात वाटला. आनंदासाठी फिरणारा हात त्याच्या हिशेबात आला नाही.

आपल्याकडे तो हिशेबात आहे. पंढरपूरला दर्शनाच्या दोन रांगा असतात, मुखदर्शनाची आणि पदस्पर्शदर्शनाची. मुखदर्शन लवकर होते. तरी माणसे तासन्‌तास दुसऱ्या रांगेत उभी राहतात, कारण चरणांवर हात आणि डोके टेकल्याशिवाय विठ्ठल भेटला असे त्यांना वाटत नाही. त्या रांगेतला डोळस वारकरीसुद्धा स्पर्शालाच मोठे दर्शन मानतो. आणि आपलीच संग्रहालये मात्र प्रत्येक शिल्पाशेजारी हात न लावण्याची सूचना टांगतात. दगडाची झीज होते, हे मान्य आहे. पण प्रतिकृतीची झीज झाली तर दुसरी करता येते.

इथवर आपण कॅलच्या मालिकेला तिच्या शब्दांमुळे मान दिला. पण तिच्यात एक दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. ते चेहरे, ती छापील उत्तरे, ती रंगीत छायाचित्रे कुणासाठी लावलेली होती? अमेरिकेतले कर्णबधिर कलावंत जोसेफ ग्रिगली यांनी हे प्रदर्शन पाहून कॅलला उद्देशून पोस्टकार्डे लिहिली, आणि त्यांच्या अस्वस्थतेच्या मुळाशी हीच असमानता होती. त्या माणसांकडे आपण हवे तितका वेळ टक लावून पाहू शकतो. त्यांना ना आपल्याकडे उलट पाहता येते, ना भिंतीवरचे स्वतःचे उत्तर वाचता येते.

छायाचित्रणाच्या इतिहासात ही जखम जुनी आहे. पॉल स्ट्रँडने १९१६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका अंध स्त्रीचा फोटो घेतला. तिच्या गळ्यात ती अंध असल्याची पाटी आहे, वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला. आधुनिक छायाचित्रणातली ही एक थोर प्रतिमा मानली जाते, आणि ती थोर आहेच. पण स्ट्रँड त्या काळात रस्त्यावरच्या माणसांना कळू नये म्हणून कॅमेऱ्याला खोटी लेन्स लावून दुसऱ्याच दिशेला रोखल्याचा बहाणा करत असे. ज्या स्त्रीला खऱ्या लेन्सचीही चाहूल लागली नसती तिच्याबाबत हा बहाणा आठवला की मन खट्टू होते. तिला कुणी काही विचारले नाही. कॅलने निदान विचारले, आणि उत्तर छायाचित्राच्या बरोबरीने टांगले. दोन्ही कामांतला सत्तर वर्षांचा फरक त्या एका प्रश्नात आहे.

पुढचा टप्पा म्हणजे कॅमेरा अंध माणसाच्याच हाती जाणे. एवगेन बावचार १९४६ साली स्लोव्हेनियातल्या एका खेड्यात जन्मला. लहानपणी झालेल्या दोन अपघातांत, आधी एक आणि काही महिन्यांनी दुसरा, असे त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा तो बारा वर्षांचाही नव्हता. सोळाव्या वर्षी बहिणीच्या कॅमेऱ्याने त्याने पहिला फोटो काढला, तो आवडणाऱ्या मुलीचा. पुढे पॅरिसला जाऊन तो तत्त्वज्ञ झाला आणि छायाचित्रकारही. त्याची पुष्कळ छायाचित्रे काळोखात घेतलेली आहेत. जे दाखवायचे तेवढ्यावरच तो हातातल्या दिव्याने उजेड फिरवतो, आणि कित्येकदा चौकटीत त्याचा स्वतःचा हातही येतो, समोरच्या चेहऱ्याला किंवा शिल्पाला स्पर्श करणारा. भाचीच्या एका फोटोसाठी त्याने तिला घंटी दिली आणि कुरणात पळायला सांगितले. आवाज जिथून आला तिथे त्याने कॅमेरा रोखला. आपण घंटीचा फोटो काढला, असे त्याचे म्हणणे. चित्रात आपल्याला दिसते ती पळणारी मुलगी. पण फोटो का काढला गेला याचे कारण चित्राबाहेर, आवाजात राहिले आहे. ते त्याने सांगितले म्हणूनच आपल्याला कळते. इथे पारडे फिरले. आता डोळस माणसाला सांगावे लागते आहे.

बावचारविषयी वाचून मुंबईत पार्थो भौमिक यांना प्रश्न पडले, आणि २००६ साली त्यांनी व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेतल्या मुलांना छायाचित्रण शिकवायला घेतले. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ म्हणून ते काम आज ओळखले जाते. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समोरच्याच्या आवाजावरून अंतर आणि उंची ठरते. ऊन कोणत्या गालाला लागते त्यावरून उजेडाची दिशा कळते. जवळच्या वस्तूला आधी हात लावून घेता येतो. आताचे फोन तर चौकटीत किती चेहरे आहेत हेही बोलून सांगतात. शिवाय अंध म्हणून ज्यांची नोंद होते त्यांतल्या बऱ्याच जणांना थोडाफार उजेड, आकार जाणवत असतो. अशा अल्पदृष्टी माणसाला दूरचे दृश्य फोटोत पकडून, मोठे करून, डोळ्यांजवळ आणून पाहता येते.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो फोटो काढून झाल्यानंतरचा भाग. काढणाऱ्याला आपला फोटो दिसत नाही. कुणीतरी डोळस माणसाने त्याला तो सांगायचा असतो. आणि इथे डोळस माणूस अडखळतो. छान आला आहे, सुंदर आहे, हे पुरत नाही; कसा, ते हवे असते. डावीकडे काय आहे, सावली कुठवर आली, चेहरा हसरा आहे म्हणजे नेमके काय झाले आहे. सांगणाऱ्याला कधी नव्हे इतके नीट पाहावे लागते. काढणारा म्हणतो, मला तर अमुक हवे होते, ते आले का? मग दोघे मिळून ठरवतात, की फोटो जमला किंवा नाही जमला. दलाँच्या बाबतीत त्या मुलाला जे मिळाले नव्हते, ते इथे रोज मिळते.

दृष्टी असताना चित्रकार झालेल्या आणि मग ती गमावलेल्या माणसाचे प्रकरण वेगळे. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांचा एक डोळा जन्मतःच निकामी होता आणि दुसरा अधू. अशा दृष्टीने त्यांनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगवले. त्यात सूरदासही आहे. त्यानंतर दहाएक वर्षांनी शस्त्रक्रिया फसून होते तेवढे दिसणेही गेले. त्यांनी काम थांबवले नाही. कागद कापून चिकटवण्याची चित्रे केली, बोटांनी मूर्ती घडवल्या, आणि १९७२ साली कलाभवनात फरशांचे भित्तिचित्र उभे केले. त्याच वर्षी त्यांचे जुने विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. बिनोदबिहारींना रंग आठवत होते, पण कागद हाती देताना त्याचा रंग कोणता हे कुणीतरी सांगितल्याखेरीज आठवण कामाला लागणार नाही. म्हणजे त्या चित्रांतही एक सांगणारा हजर आहे, सही नसलेला.

असे सांगणारे तयार करायला हवेत. आपल्या कलादालनांत चित्राशेजारच्या पट्टीवर चित्रकाराचे नाव, माध्यम, आकार आणि किंमत असते. काळा घोड्याच्या जहांगीरमध्ये, पुण्या-नागपूरच्या दालनांत, प्रदर्शनाच्या आठवड्यात एक संध्याकाळ अंध श्रोत्यांसाठी ठेवावी आणि त्या दिवशी चित्रकाराने स्वतः भिंतीसमोर उभे राहून आपले चित्र शब्दांत सांगावे. त्याला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही, मोठी जागा लागत नाही. हिरवा म्हटले की पुढचा प्रश्न येईल, कोणता हिरवा, ओल्या गवताचा की शेवाळाचा, आणि इथेच का लावला? चित्रकाराकडे उत्तर असेल तर श्रोता चित्र घेऊन घरी जाईल. नसेल तर चित्रकाराने ते शोधायला घरी जावे.